सहकारी तत्त्वावर हिब्रू

आमच्या नगर जिल्ह्यात कुठलीही गोष्ट एकट्यानं करायची पद्धत नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या माळावर शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून १९५० साली साखर कारखाना सुरू केला आणि तेव्हा जिल्ह्याला जी सवय लागली ती लागलीच. ऊस सहकारात, दूध सहकारात, पतसंस्था तर चौकाचौकात. दोन भावांच्या बांधावरच्या भांडणातसुद्धा निम्मं गाव सभासद असतं. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. स्वभाव काही गॅझेटात छापून बदलत नाही. म्हणून आमच्या मामांच्या दारावरच्या हिब्रू पाटीचा अर्थ लावायची वेळ आली, तेव्हा तेही काम सहकारी तत्त्वावरच झालं. सभासद भरपूर मिळाले. प्रत्येकानं आपापला अर्थ शेअर म्हणून जमा केला. हिब्रू मात्र कोणाच्याच खात्यावर नव्हती.

मामा राहुरी तालुक्यातले, मुळा कालव्याच्या काठचे, हाडाचे ऊसवाले. शेतकऱ्यांच्या एका अभ्यास दौऱ्याबरोबर ते इस्रायलला जाऊन आले. आमच्या पट्ट्यात इस्रायल ओळखला जातो तो ठिबकमुळे. सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरची ती कल्पना. हत्झेरिम नावाच्या किबुत्झनं, म्हणजे तिकडच्या सामूहिक वस्तीनं, १९६५ साली तिच्यावर कंपनी काढली आणि आज त्या कल्पनेच्या काळ्या नळ्या संगमनेरपासून जामखेडपर्यंत आमचे उंदीर कुरतडताहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठात डाळिंबासाठी भारत-इस्रायल प्रकल्पाचं केंद्रही आहे. त्यामुळे 'इस्रायल करून आलेल्या' माणसाला गावात वेगळा मान असतो. लग्नात त्याला पुढची खुर्ची मिळते आणि कांद्याच्या भावापासून गुडघेदुखीपर्यंत कुठल्याही विषयावर "तिकडं इस्रायलमध्ये काय करतात..." असं सुरू करायचा हक्क मिळतो.

मामांनी येताना खजूर आणले. मृत समुद्राच्या चिखलाची पाकिटं आणली. ("चिखलासाठी विमान कशाला? आवर्तन सुटलं की आपल्या मोटारीपाशी घोटाघोटा असतो," इति मामी.) आणि एक पाटी आणली. जांभळ्या रंगाची, पत्र्याची, हातभर लांब; तिच्यावर पांढरी चौकोनी अक्षरं आणि कडेला एक छोटं चित्र. कुठल्याशा बागेत शेडबाहेर अशा पाट्यांचा ढीग पडला होता. मामांनी खुणेनं विचारलं, घेऊ का? तिथल्या माणसानं मान हलवली. ती 'घ्या' म्हणून हलवली की 'काय माणसं येतात' म्हणून, याबद्दल मामा आणि दौऱ्यातले बाकीचे शेतकरी यांच्यात अजून एकमत नाही.

नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला ती पाटी मुख्य दारावर चढली. कडेचं चित्र घंटेचं होतं आणि घंटेवरून एक तिरकी दोरी गेलेली होती, त्यामुळे पाटी धार्मिक आहे याबद्दल कोणाला शंका आली नाही. गुरुजींनी तिला हळद-कुंकू वाहिलं, कोपऱ्यात स्वस्तिक काढलं. सगळं यथासांग झालं असतं, पण पंगतीत मामांचे व्याही जिलेबीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "पाटी झकास आहे. लिहिलंय काय पण?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. व्याह्यांचं तसं करता येत नाही.

"आशीर्वाद आहे," मामा म्हणाले.

"कसला?"

"इस्रायली."

व्याही नुसते हसले. मामांनी मठ्ठा अर्धा टाकला आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. "भाच्या, तू नगरला राहतो, चार शिकलेली माणसं तुझ्या ओळखीची. त्या पाटीचं तेवढं लावून दे."

मदत मागण्याचंही आमच्याकडे एक शास्त्र आहे. प्रश्न कधी नुसता न्यायचा नाही. सोबत उत्तरही न्यायचं. मामा मोबाईलमधला फोटो पुढे करून विचारायचे, "यात 'घरात लक्ष्मी नांदो' असंच लिहिलंय ना?" समोरचा डोळे बारीक करून म्हणायचा, "तसंच दिसतंय." झालं, एक साक्षीदार वाढला. ज्याला विचारलं जातं त्याचीही पंचाईत असते. घरी आलेल्या माणसाला चहा दिला, बिस्किट दिलं, आणि उत्तर मात्र नाही, असं कसं चालेल? मग पदरचं घालून काहीतरी देतो. आमच्याकडे अडाणी असण्याची लाज कोणाला वाटत नाही. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवण्याची वाटते.

पहिला मान गुरुजींचा. ते म्हणाले, "ही बीजाक्षरं आहेत. यांचा अर्थ विचारायचा नसतो, उच्चार करायचा असतो."

"उच्चार काय?"

"तो गुरुमुखातून घ्यायचा असतो."

"गुरू कुठं भेटतील?"

"इस्रायलला," गुरुजी म्हणाले आणि दक्षिणा घेऊन पुढच्या वास्तुशांतीला गेले.

मग मामा मोडीवाल्यांकडे गेले. मोडी वाचणाऱ्यांना सध्या जे दिवस आलेत ते पेशवाईतही आले नसतील. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उघडली आणि काल-परवापर्यंत हौस म्हणून मोडी शिकलेल्या माणसाच्या दारात चपलांचे ढीग लागले. मामांचा नंबर लागायला दुपार झाली. त्या गृहस्थांनी फोटो भिंगाखाली धरला. "मोडीच आहे. कारकून घाईत होता एवढंच." पुन्हा भिंग फिरलं. "कुणबी असा उल्लेख आढळत नाही."

"अहो, ही पाटी इस्रायलची आहे."

"असू द्या. तिथंही आढळत नाही."

गावात अरबी शिकवणारे एक वयस्कर मौलवीसाहेब आहेत. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "ही अरबी नाही. हिब्रू असावी. दोन्ही उजवीकडून सुरू होतात, तेवढीच आमची ओळख. मला ही वाचता येत नाही." साऱ्या शोधात 'येत नाही' म्हणणारा हा एकच माणूस भेटला. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण अभ्यास कमी दिसतो."

नातवाला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं. तो इंजिनिअरिंगला. "आजोबा, दोन सेकंदांचं काम आहे," म्हणत त्यानं भाषांतराचं ॲप उघडलं आणि फोन पाटीवर रोखला. पहिल्यांदा फोन म्हणाला, भाषा ओळखता आली नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, 'लोकर'. तिसऱ्यांदा, व्हरांड्यातला दिवा लावल्यावर, म्हणाला, 'मंगळवार, सहकुटुंब'. हळदीकुंकवाचे ठिपकेही तो अक्षरं म्हणून वाचत असावा. मामांनी 'मंगळवार सहकुटुंब' हे वहीत टिपून ठेवलं, कारण त्यात निमंत्रणाचा काहीतरी भाव होता, आणि दारावरच्या पाटीला तो शोभला असता. 'लोकर' मात्र त्यांनी नातवाला पुढचे दोन महिने ऐकवलं.

एवढं झाल्यावर मी मामांना इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे घेऊन गेलो. सरांनी फोटोकडे ओझरतं पाहिलं. "म्हणजे तुम्हाला नगर आणि हिब्रू यांचा संबंध हवाय." आम्हाला एका ओळीचा अर्थ हवा होता, पण सरांनी तोवर खुर्चीत बैठक पक्की केली होती.

"सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहाकडे गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य यायचा. गार्सिया द ऑर्ता. घराणं मूळचं ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंना सक्तीनं ख्रिस्ती केलं, त्यातलं. निजामशहानं त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवावीत, त्यानं निजामशहाला लॅटिन नावं शिकवावीत, असा दोघांचा क्लास चालायचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्यानंच लिहिलंय. राजाला अडलं तर वैद्याला विचारायचा, वैद्याला अडलं तर राजाला! आणि गोव्यात काय केलं? तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली."

"अरारा," मामा म्हणाले. "म्हणजे त्याला हिब्रू यायची?"

"तो वेगळा विषय झाला," सर म्हणाले आणि एकदम चारशे वर्षं पुढे आले. "आपला किल्ला घ्या. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसचे बारा पुढारी तिथं आणून ठेवले. नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथंच लिहिलं. प्रस्तावनेत सोबतच्या कैद्यांचे आभार मानलेत. त्यात मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावंही घेतलीत. अडलं की शेजारच्या खोलीत जाऊन विचारायचं. असे शेजारी मिळणार असतील तर मीसुद्धा तुरुंगात जाईन."

मामा पुढे सरकले. "मौलाना आझादांना यायची का हिब्रू?"

"आली असती तरी ते १९५८ साली वारले."

मामा पुन्हा मागे सरकले. सरांना त्यांची दया आली असावी. "हिब्रू वाचणारी माणसं नगरमध्ये एकदा होती हो. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातले सगळे जर्मन पासपोर्टवाले उचलले. त्यात हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर, इंजिनिअरही आले. पासपोर्ट जर्मन, म्हणजे माणूस शत्रू! त्यांना आणि नाझींना एकाच नगरच्या छावणीत डांबलं. पुढे चौकशी समिती नेमली, तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की हे लोक हिटलरचे हेर नसून हिटलरचे निर्वासित आहेत."

"मग?"

"मग त्यातले बरेच जण सुटले."

मामांनी सुस्कारा सोडला. "ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं उशीर झाला. पाटी तेव्हाच आणायला हवी होती."

निघताना सरांनी मात्र कामाचं सांगितलं. "केडगावला जा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. तिथं विचारा." मामा दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून केडगावला गेले आणि दुपारी तिथून फोन आला. "मिशन काही सापडलं नाही. पण देवीचं दर्शन निवांत झालं." ते नगरच्या केडगावला पोचले होते. रमाबाईंचं केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेच्या वाटेवरचं. एकाच नावाची दोन गावं जवळजवळ ठेवून महाराष्ट्रानं किती माणसांना नको तिथं दर्शन घडवलं असेल!

रमाबाईंची गोष्ट मी मामांना नंतर सांगितली. संस्कृत त्यांना लहानपणापासून मुखोद्गत. पण आधीच्या भाषांतरांची जड मराठी आश्रमातल्या साध्या बायकांना झेपत नाही, हे पाहून त्यांनी साध्या मराठीत नवं भाषांतर करायचं ठरवलं. त्यासाठी हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर काम हातावेगळं केलं होतं. छापखाना त्यांच्या मुक्ती मिशनचाच, छापणाऱ्याही तिथल्याच बायका; १९२४ साली ग्रंथ बाहेर आला. "त्यांनी दारोदार विचारत न बसता सरळ भाषाच शिकून घेतली," मी म्हणालो. "तुम्हीही शिका की. वय आडवं येत नाही."

"वयाचं काही नाही रे," मामा म्हणाले. "पण त्यांना ऊस नव्हता."

तसं पाहिलं तर रमाबाई हा अपवाद. बाकी हिब्रू मराठीत आली ती विचारपूस करत करतच. विल्यम कॅरीनं सेरामपूरला बसून मराठी बायबल केलं ते वैजनाथ पंडितांच्या आधारावर. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं मांडलं, १८४२ साली इथूनच 'ज्ञानोदय' काढला. तेव्हापासून साहेब आणि पंडित समोरासमोर बसलेले हे दृश्य नगरला नवं नाही. मला त्या बैठकांचं फार कुतूहल वाटतं. साहेबाला मूळ ग्रंथ कळतो, मराठी पुरती कळत नाही. पंडिताला मराठी कळते, मूळ ग्रंथ कळत नाही. साहेब विचारतो, असं म्हणतात का? पंडित मनात म्हणतो, असं कोणी म्हणत नाही. पण महिन्याचा पगार आठवून तोंडानं म्हणतो, म्हणायला हरकत नाही. पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या कितीतरी वाक्यांचा जन्म या 'हरकत नाही'तून झाला असेल.

त्याच परंपरेतले एक पाळकसाहेब शेवटी मामांना भेटले. "सेमिनरीत हिब्रूचा पेपर होता," ते म्हणाले. "पास झालो. पुढं आमची भेट नाही." पण माणूस प्रामाणिक, फोटोवर भागवलं नाही, बंगल्यावर आले. पाटीसमोर उभे राहिले. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, मग कमरेत वाकून दोन पायांमधून बघतात की काय असं वाटायला लागलं.

"मामा," ते हळूच म्हणाले, "ही उलटी लावलीय."

शिडी आली. पाटी उतरली, फिरली, पुन्हा चढली. घंटा होती तिचा ग्लास झाला. घंटेची दोरी होती तिची ग्लासावरची काट झाली. स्वस्तिक तेवढं कसंही फिरवलं तरी स्वस्तिकच राहिलं. वास्तुशांतीपासून पाटी शीर्षासनात होती आणि सगळ्यांचे अर्थही.

पाळकसाहेबांनी उजवीकडून बोट ठेवून अक्षरं जुळवली. "मायिम... म्हणजे पाणी. हा शब्द पहिल्याच पानावर येतो, तो विसरत नाही. पुढचा, लो... म्हणजे नाही." मग बोट थांबलं. "हा शेवटचा आमच्या पेपरात नव्हता."

"पाणी... नाही," मामांनी सावकाश उच्चारलं.

"एवढं वाचायला इस्रायलला गेला होतात?" मामी आतून म्हणाल्या. "मला विचारायचं. रोज सकाळी नळ सोडला की मी हेच म्हणते."

निम्मा अर्थ हातात आल्यावर उरलेला निम्मा गावानं भरून काढायला घेतला. सहकाराची खरी ताकद तेव्हा दिसली. नगर जिल्हा म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. पाण्यावर बोलायला इथं कोणाला भाषा आडवी येत नाही. राळेगणसिद्धीचे बंधारे आणि हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद पाहून आलेले निदान दहा जण प्रत्येक पारावर सापडतात. त्यांनी एकमुखानं सांगितलं, "पाणी वाया घालवायचं नाही. ग्लासावरची काट बघा." व्यसनमुक्तीवाल्यांना ग्लासातच सगळं दिसलं. "ग्लास बंद!" ते म्हणाले, "पाण्याचं नंतर बघू." गावातल्या एका अनुभवी गृहस्थांनी दोन्ही बाजू सांभाळून घेत सुचवलं, "पाण्याशिवाय घ्यायची नाही, असं असेल." आणि मराठीच्या बाईंनी वाक्य पूर्ण केलं, "पाण्याशिवाय जीवन नाही!"

हा अर्थ सरपंचांना इतका पटला की त्यांनी पाटीच मागितली. ग्रामपंचायतीचा शुद्ध पाण्याचा प्लांट तयार होत होता; पाच रुपयांत वीस लिटरचा जार. त्याच्या नळावर ही पाटी लावायची, खाली फ्लेक्स: 'पाण्याशिवाय जीवन नाही – इस्रायलचा संदेश'. मामांनी उदार मनानं पाटी दिली. व्याह्यांना उद्घाटनाची पत्रिका स्वतः जाऊन दिली.

माझ्या मनात मात्र तो तिसरा शब्द खुपत होता. पुण्यातल्या एका मित्राची आत्या दिमोनाला राहते. मूळची पेणची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. साठच्या दशकात लग्न होऊन तिकडे गेलेली. मला एकदम वाटलं, आपण निजामशहापर्यंत जाऊन आलो आणि खरं ठिकाण राहिलंच.

कारण हिब्रू आणि मराठी यांच्या मधोमध कोणी पिढ्यान् पिढ्या संसार केला असेल तर याच लोकांनी. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. हिब्रू त्यांच्याकडून जवळजवळ विसरली गेली होती, एक 'शेमा' प्रार्थना तेवढी तोंडात उरली होती. मग त्यांनीही विचारायला सुरुवात केली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. वल्हांडण सणाचा हग्गादा ग्रंथ मराठी अर्थासह १८४६ साली मुंबईला निघाला. १८७४ साली पुण्याला सचित्र निघाला, त्यात सणाची तयारी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी तर प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं दिमोना, अश्दोद, लोदला आहेत आणि तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. त्यांना सोडून आम्ही मोडीवाल्याकडे गेलो होतो.

मित्रानं नंबर दिला. फोनवर पलीकडून अस्सल पेणचा आवाज आला. "बोल रे बाबा. कोणाचा तू?" मी पाटीचा फोटो पाठवला. बराच वेळ नुसता खोकल्यासारखा आवाज येत राहिला. आत्या हसत होत्या.

"अरे, मायिम लो लिश्तिया. पाणी पिण्यासाठी नाही. आमच्याकडे बागाबागांतून आहे ही पाटी. इथं न्हाणीघरातलं, संडासातलं पाणी साफ करून शेतीला देतात ना, त्याचे पाइप जांभळे, पाट्याही जांभळ्या. कोणी चुकून तोंड लावू नये म्हणून. तुम्ही कुठं लावलीत?"

"आधी दारावर," मी म्हणालो. "उद्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर लावणार आहेत. आमदार येताहेत."

पुन्हा तो खोकल्यासारखा आवाज. मग त्या म्हणाल्या, "आता माझं एक काम कर. नातू विचारतो, 'कसलं काय न् कसलं काय' म्हणजे हिब्रूत काय? मी जन्मभर बोलत आले, पण सांगता येईना. तुमच्या गावात सांगेल का कोणी?"

"पाच-सहा जण तर लगेच सांगतील," मी म्हणालो.

इस्रायल आपलं सांडपाणी जवळजवळ नव्वद टक्के शेतीला फिरवून वापरतो, हे मामांना दौऱ्यात सांगितलं होतं आणि तेव्हापासून ते प्रत्येक भाषणात सांगत होते. त्याच सांडपाण्याची पाटी आपण वास्तुशांतीला पुजली, हे पचायला त्यांना रात्र लागली. सरपंचांनी मात्र पाच मिनिटांत पचवलं. "पत्रिका वाटल्यात, फ्लेक्स छापलाय, आमदारांची वेळ मिळालीय. अर्थ बदलता येणार नाही." त्यांची बाजूही चूक नव्हती. गावात हिब्रू वाचणारा एकही मतदार नाही.

तोडगा प्लांट बसवणाऱ्या मुलानं काढला. यंत्रात पाणी शुद्ध होतं तेव्हा क्षारांचं पाणी दुसऱ्या पाइपानं बाहेर पडतं. ते भांडी-धुण्याला, गुरांच्या गोठ्याला चालतं, प्यायला नाही. "पाटी त्या नळावर लावा. खोटंही होणार नाही आणि वायाही जाणार नाही." सगळ्यांनी मान डोलावली. आमदारांनी फीत कापली, फ्लेक्सवरचा संदेश मोठ्यानं वाचला, इस्रायलचं कौतुक केलं आणि पुढच्या गावाला गेले. पाटी पहिल्यांदाच योग्य जागी, योग्य बाजू वर करून लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध पाण्याच्या नळावर चार जार होते. जांभळ्या पाटीच्या नळावर रांग होती.

"हे पाच रुपयांचं साधं," रांगेतली एक बाई दुसरीला समजावत होती. "आणि हे इस्रायलचं. फुकट आहे."

सरपंच धावत आले, डबे ओतायला लावले आणि पेंटर बोलावून पाटीच्या खाली ठळक मराठीत लिहून घेतलं: 'हे पाणी पिण्यासाठी नाही. वरील मजकुराचे भाषांतर.' रांग थोडी विरळ झाली, मोडली नाही. पारावरचे एक आजोबा काठी टेकवत पुढे आले. त्यांनी वरची पाटी पाहिली, खालची ओळ दोनदा वाचली आणि मान हलवली.

"भाषांतर चुकलंय," ते म्हणाले. "एवढी चांगली पाटी विमानातून आणायची आणि तिच्यावर असलं लिहायचं? ते लोक काय वेडे आहेत का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नगरला असतो ना? कोणातरी जाणत्या माणसाला विचारून ये. तोवर मी एक कळशी नेतो."